ताशी चौसष्ट

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी इंद्रजीत डोईफोडे याच्या घशाचे ऑपरेशन संपले. बाहेरून कुठेही चिरावे लागले नाही, एकही टाका पडला नाही. डॉ. तनुजा मुळे यांनी तोंडातूनच एक बारीक यंत्र आत घातले, टाळूचा लोंबणारा मऊ भाग आवळला, जिभेच्या मुळाशी थोडी जागा केली आणि पस्तीस मिनिटांत हात धुतले. पेशंटला दुसऱ्या दिवशी घरी सोडायचे ठरले.

नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ही बातमी रांजणगावात त्याच्या साडूकडे, बद्रीनाथ औटेकडे पोचली. बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवतो. त्या महिन्यात त्याला तिसरी पाळी होती. सकाळी सातला सुटून, कंपनीच्या बसने घरी येऊन, आंघोळ उरकून तो नुकताच आडवा झाला होता. त्याची बायको सुलेखा हिने फोन कानाला तसाच ठेवून त्याला हलवले आणि धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे सगळे व्यवस्थित पार पडल्याचे सांगितले. बद्रीनाथने "बरं झालं" म्हटले आणि कूस बदलली. त्या दिवशी त्याला झोप लागली नाही.

चितेगावच्या आप्पासाहेब गोर्डे यांना दोन मुली, मुलगा नाही. थोरली सुलेखा, धाकटी रूपा. बद्रीनाथ चौदा वर्षांपासून या घरचा थोरला जावई आहे. इंद्रजीत सहा वर्षांपूर्वी आला. तो जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता, उल्कानगरीत त्याचा तीन खोल्यांचा फ्लॅट, दारात कार. पण सासुरवाडीत पहिला पाट बद्रीनाथचा, पहिली वाढ बद्रीनाथला, आणि बांधाच्या भांडणात पहिले मतही बद्रीनाथचेच. इंद्रजीतला नोकरीत कितीही बढती मिळाली असती तरी त्याला थोरला जावई होता आले नसते. ही गोष्ट बद्रीनाथला फार आधार देणारी होती.

तो आधार एका आकड्याने हलवला. ऑपरेशनच्या आधी इंद्रजीतच्या झोपेची तपासणी झाली होती. झोपेत घशाची वाट मिटून त्याचा श्वास तासाला अडतीस वेळा थांबतो, असे तिच्यात निघाले. आप्पासाहेबांनी हा आकडा फाट्यावरच्या हॉटेलात सांगितला, सोसायटीत सांगितला, दाढी करताना न्हाव्याला सांगितला.

"आमच्या धाकट्या जावयाचा श्वास तासाला अडतीस बार बंद पडायचा," ते म्हणत. "अडतीस बार मानूस जातो अन् अडतीस बार वापस येतो. साधी गोष्ट हाय का?"

ऐकणारे मान हलवत. थोरल्या जावयाबद्दल सांगण्यासारखे असे काही नव्हते. तो वेळेवर कामावर जात असे आणि वेळेवर परत येत असे.

शनिवारी बद्रीनाथ आणि सुलेखा रीतीप्रमाणे पेशंटला भेटायला गेले. फ्लॅटच्या कोपऱ्यात आधीच अकरा शहाळी होती. यांची दोन ठेवल्यावर तेरा झाली. इंद्रजीतला आठवडाभर बोलायला मनाई होती, म्हणून तो वहीवर लिहून दाखवत होता आणि रूपा ते खणखणीत आवाजात वाचत होती. त्याने "पाणी" असे लिहिले तेव्हा तिघे जण उठले. त्यात सुलेखा एक होती. बद्रीनाथने ते पाहिले.

तो अधिक महिना होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि तेहेतीस अनारशांचे वाण द्यायचे, अशी रीत आहे. चितेगावचे आमंत्रण पुढच्या रविवारचे होते. बद्रीनाथ या जेवणाची वाट मुख्यतः येसर आमटीसाठी पाहत असे. भाजलेल्या डाळी-मसाल्यांची ती झणझणीत आमटी सासूबाई मनकर्णाबाई यांच्यासारखी कोणाला जमत नाही, असे त्याचे मत होते आणि ते दर वेळी वाटीभर आमटी पिऊन तो सिद्ध करत असे.

या वेळी आमटीत तिखट नव्हते. इंद्रजीतच्या घशाला झोंबू नये म्हणून मनकर्णाबाईंनी संपूर्ण पातेले फिके केले होते. एका घरात दोन आमट्या कशाला, असे त्यांचे म्हणणे. इंद्रजीतचे तेहेतीस अनारसे दुधात भिजवून मऊ केले होते. बद्रीनाथचे कोरडेच होते, पण ते कोणी पाहिले नाहीत. सगळ्यांचे लक्ष इंद्रजीत घास कसा गिळतो याच्याकडे होते. प्रत्येक घासाला मनकर्णाबाईंचाही घसा हलत होता.

पाट मांडताना आणखी एक गोष्ट घडली. कूलरसमोरच्या पाटावर बद्रीनाथ सवयीने बसला होता. आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बद्रीनाथराव, तुमी जरा तिकडं दाराकडं सरका. त्यांच्या घशाला गार वारं पायजे."

बद्रीनाथ सरकला. चौदा वर्षांत तो पहिल्यांदा सरकला.

जेवणानंतर इंद्रजीत आतल्या खोलीत झोपला. रूपाने सगळ्यांना दाराशी बोलावून तो झोपलेला दाखवला. कसलाही आवाज नव्हता. मनकर्णाबाईंनी त्याच्या नाकाखाली बोट धरून खात्री करून घेतली. इकडे ओसरीवरच्या बाजेवर आप्पासाहेब घोरत होते, इतके की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ते कोणाला ऐकू आले नाही. पैठण रोडवरच्या ट्रकांसारखा तो आवाज त्या घराच्या सवयीचा झाला होता.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागे बसलेल्या सुलेखाने नक्षत्रवाडी आल्यावर त्याचा खांदा हलवला. मग म्हणाली, "तुमी बी घोरता की."

"म्हंजे?"

"म्हंजे काय नाय. घोरता, येवढंच."

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता बद्रीनाथ डॉ. मुळे यांच्या दवाखान्यात बसला होता.

डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला लावले, जीभ दाबली, दिवा मारला आणि घसा चांगला ऐसपैस असल्याचे सांगितले. बद्रीनाथला ते आवडले नाही. आपण घोरतो, बायको साक्ष देईल, दिवसा डोळे जड होतात, असे त्याने सांगितले. तिसऱ्या पाळीच्या माणसाचे डोळे दिवसा जड होणारच, असे डॉक्टर म्हणाल्या. तरी त्याचा आग्रह पाहून त्यांनी तपासणीचे यंत्र घरी नेण्यासाठी दिले. मनगटाला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी. पाळी रात्रीची असल्याने दिवसा झोपून केले तरी चालेल, फक्त झोप चार तासांची तरी हवी, अशी सूचना दिली.

बुधवारी सकाळी नऊला बद्रीनाथ यंत्र बांधून पडला. आपला आकडा मोठा यावा या काळजीने त्याला झोप येईना. उताणे पडून, तोंड उघडे ठेवून त्याने शक्य ते सगळे केले. सुलेखाने भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठून ओरडू नको म्हणून विनवले. अखेर कशीबशी दोन तास झोप झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडा सांगितला. तीन.

"तीन?" बद्रीनाथने विचारले. "तासाला का दिवसाला?"

"तासाला. पाचच्या आत असलं की नॉर्मल समजतात. अभिनंदन."

"म्हंजे ऑपरेशन नाय?"

"गरजच नाही. कुशीवर झोपा, सहा किलो वजन उतरवा, एवढं पुरे."

"पन आपली इच्छा असंल तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. इच्छेवर ऑपरेशन करता येत नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. तेव्हा बद्रीनाथने झोप दोनच तास झाल्याचा मुद्दा काढला. तो नियमाला धरून होता. डॉक्टर नियमाच्या पक्क्या असल्याने त्यांनी यंत्र पुन्हा दिले.

दरम्यान रूपाने फोन करून विचारले होते की दाजींचे किती आले. सुलेखाने रिपोर्ट यायचा आहे असे सांगितले. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला काही बोलली नाही. तीनचा कागद घडी करून तिने पिठाच्या डब्याखाली सारला आणि पोळ्या लाटायला बसली. बद्रीनाथला ती बोलली असती तर बरे वाटले असते.

शुक्रवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी असते. त्या शुक्रवारी सकाळी दहाला बद्रीनाथ यंत्राची पेटी मोटारसायकलला बांधून एकटाच चितेगावला निघाला.

आप्पासाहेबांना त्याने सांगितले की कंपनीने कामगारांच्या घरच्या वडीलधाऱ्यांची तब्येत तपासायचे काढले आहे. हे यंत्र बांधून जेवणानंतर नेहमीसारखे झोपायचे, बस. आप्पासाहेबांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"येवढं कोन करतं हो? धाकट्यानं कदी इचारलं बी नाय. मनकर्णे, थोरले जावई आलेत. येसर टाक. तिखट हात सोडून टाक."

ज्या मानासाठी बद्रीनाथ ही खटपट करत होता तो त्याला तिथेच, पाटावर बसल्या बसल्या मिळाला. पण तो इंद्रजीतच्या डोळ्यांसमोर मिळाला नव्हता, म्हणून तो त्याने धरला नाही.

आप्पासाहेब एकला झोपले ते पाचला उठले. मनकर्णाबाई दुपारभर शेजारच्या अंगणात कुरडया घालायला गेल्या होत्या. बद्रीनाथ बाजेशेजारी बसून होता. सासरे घोरत, मध्येच गप्प होत, छाती नुसती वरखाली ओढली जाई, आणि मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसे आवाज करून पुन्हा सुरू होत. बद्रीनाथने बोटांवर मोजायला घेतले. पहिल्या तासात चाळीस ओलांडल्यावर त्याने समाधानाने मोजणे थांबवले.

यंत्र शनिवारी दवाखान्यात गेले. त्याच संध्याकाळी आप्पासाहेबांचा फोन आला, कंपनीने काय सांगितले म्हणून. काहीतरी सांगणे भाग होते. बद्रीनाथने सांगितले, "एकदम फस्ट क्लास, मामा. तरन्या मानसावानी."

सोमवारी दहा वाजून वीस मिनिटांनी डॉ. मुळे यांनी स्वतः फोन केला. आकडा चौसष्ट होता. रक्तातला ऑक्सिजन झोपेत एकसष्ट टक्क्यांपर्यंत उतरत होता. गाडी चालवायची नाही, प्रेस मशीनला हात लावायचा नाही आणि शनिवारी अकरा वाजता घरच्या माणसांना घेऊन यायचे, असे त्यांनी एका दमात सांगितले.

"चौसष्ट," बद्रीनाथ म्हणाला. "म्हंजे अडतीसपेक्षा बरेच जास्त ना, मॅडम?"

"जवळजवळ दुप्पट. पण एक कळत नाही. तुमचा घसा आणि तुमचा रिपोर्ट एकमेकांना ओळखत नाहीत. औषध देऊन झोपवून आत नीट बघावं लागेल. मग ऑपरेशनचं ठरवू."

सुलेखाने दोन मिनिटांत रूपाला कळवले. फोन कट झाला की काय म्हणून सुलेखाने दोनदा हॅलो केले. अर्ध्या तासाने खुद्द इंद्रजीतचा फोन आला. त्याचा आवाज अजून घोगरा होता.

"साडूभाऊ, तुमी उताने झोपला होता का?"

"व्हय."

"तेच. माझी टेस्ट कुशीवरची हाय. उताना असतो तर…" त्या दुपारी बद्रीनाथ फार छान झोपला.

मंगळवारपासून रांजणगावच्या दोन खोल्यांत शहाळी येऊ लागली. चुलत, मावस, गल्लीतले, पाळीतले असे सगळे येऊन गेले. सुलेखा दर वेळी आकडा सांगे आणि पाहुण्यांचा चेहरा बदलेपर्यंत थांबे. एका बाईने अडतीसवाल्याचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "त्यांचं बी होतं थोडंसं."

पण चौसष्ट आकडा सांभाळणे सोपे नव्हते. पाळीचा सुपरवायझर विश्वजीत हा नियमाने चालणारा माणूस होता. डॉक्टरांनी मनाई केली आहे म्हटल्यावर त्याने बद्रीनाथला प्रेसवरून उठवले, दिवसपाळीत टाकले आणि स्टोअरमध्ये एका स्टुलावर हातमोज्यांच्या जोड्या लावायला बसवले. बसमध्ये चौदा वर्षे बद्रीनाथ खिडकीला डोके टेकवून निवांत झोपत आला होता. आता डोळा लागला की मागच्या सीटवरचे त्याला हलवून जिवंत असल्याची खात्री करून घेत. घरी तेच काम सुलेखा करत असे. तीन दिवसांत बद्रीनाथच्या डोळ्यांखाली काळे आले. ते पाहून भेटायला येणारे म्हणत की आजार आता चेहऱ्यावर दिसू लागला.

हेही त्याने निभावले असते. पण गुरुवारी चार वाजता आप्पासाहेब आले. ते चितेगावाहून रांजणगावापर्यंत आपल्या जुन्या मोपेडवर आले होते. त्यांच्या धोतराला चिखल होता, कोपर खरचटले होते, आणि हँडलला बांधलेल्या तीन शहाळ्यांपैकी एक फुटले होते. पैठण रोडला एका रोपवाटिकेच्या कडेला गाडी आत गेली, मोगऱ्याच्या रोपांवर पडल्याने लागले नाही, असे त्यांनी सांगितले.

"डोळा लागला व्हता जरा. सरळ रस्ता असला की लागतोच," ते म्हणाले. "पन माझी काळजी करू नगा. तुमच्या कंपनीनं तरनाताठा म्हनून लिहून दिलंय. कालच मनकर्णेला बोललो, आता नांगरटीला डायवर नको, टॅक्टर मीच हाकतो."

बद्रीनाथच्या हातातला पेला खाली ठेवला गेला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले सगळे त्याला आठवले. गाडी नाही. मशीन नाही. झोपेत ऑक्सिजन एकसष्ट. गेले चार दिवस हे आपल्याबद्दल ऐकून घेण्यात तो इतका रमला होता की ते दुसऱ्या कोणाबद्दल तरी खरे आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

"मामा, एकदा त्या मॅडमला दाखवू तुमाला बी."

"कशापाई? मशीननं सांगितलंय ना."

"मशीन चुकतं कदी कदी."

"मग तुमचं बी चुकलं असंल," आप्पासाहेब हसून म्हणाले. कॉटवर टेकता टेकता त्यांना झोप लागली. बद्रीनाथ त्यांच्या उशाशी बसून राहिला. या खेपेस त्याने मोजले नाही. संध्याकाळी मोपेडची चावी हरवल्याचे सांगून त्याने सासऱ्यांना रिक्षाने पोचवले. चावी त्याच्या खिशात होती.

शनिवारी अकरा वाजता दवाखान्यात सगळे आले. घरच्या माणसांना आणा म्हटल्यावर कोणी मागे राहणार नव्हते. बद्रीनाथ आणि सुलेखा डॉक्टरांच्या टेबलासमोर बसले. भिंतीकडच्या बाकावर आप्पासाहेब, मनकर्णाबाई, रूपा आणि इंद्रजीत बसले. इंद्रजीतने आपली जुनी फाइल सोबत आणली होती. तुलनेला लागली तर असावी, असे तो म्हणाला.

डॉ. मुळे यांनी संगणकावर आलेख दाखवला. रेघ चालते, सपाट होते, मग उसळते. आकडे त्यांनी सावकाश सांगितले. अशा माणसाला झोपेत हृदयाचा त्रास होऊ शकतो, लकवा होऊ शकतो, चालत्या गाडीवर डोळा लागू शकतो. औषध देऊन आत बघायला पुढच्या बुधवारची तारीख मोकळी आहे. सुलेखाने पदर तोंडाला लावला. रूपाने इंद्रजीतकडे पाहिले. इंद्रजीत आपल्या फाइलकडे पाहत होता.

आप्पासाहेब झोपले होते. दवाखान्यातला एसी आणि डॉक्टरांचा सावकाश आवाज त्यांना मानवला होता. मान मागे गेली, तोंड उघडले, घोरणे सुरू झाले. मनकर्णाबाई कोपर उचलणार तोच डॉक्टरांनी हाताने थांबवले. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागल्या. घोरणे थांबले. छाती ओढली जात होती, आवाज येत नव्हता. सेकंदकाटा चारवरून पाचवर गेला, सहावर गेला, सातवर गेला.

"मॅडम," बद्रीनाथ म्हणाला, "त्यो रिपोर्ट माझा नाय. त्यांचा हाय."

तेवढ्यात आप्पासाहेबांचा श्वास मोठा आवाज करून परत आला आणि ते जागे झाले.

बद्रीनाथने सगळे सांगितले. आपला तीनचा आकडा, यंत्र, शुक्रवार, कंपनीची थाप, फस्ट क्लास. सांगताना तो टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होता. बोलून झाल्यावर त्याने खिशातून मोपेडची चावी काढून तिथे ठेवली. डॉक्टरांचा चेहरा रागाने लाल झाला, पण पेशंट समोर असल्याने त्यांनी राग पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला. सुलेखा जमिनीकडे पाहत राहिली. आप्पासाहेब काय म्हणतात याची सगळे वाट पाहत होते.

"म्हंजे चौसष्ट माझे?" आप्पासाहेबांनी विचारले.

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

"अन् हे इंद्रजीतरावाचे अडतीस?"

"हो."

आप्पासाहेब बाकावर ताठ बसले. त्यांनी टोपी नीट केली.

डॉक्टरांनी मनकर्णाबाईंना विचारले की यांचा श्वास असा थांबतो हे घरात कधी लक्षात आले होते का. मनकर्णाबाईंना प्रश्नच कळला नाही. रोज थांबतो, त्या म्हणाल्या. थांबला की त्या कोपराने ढोसतात, मग सुरू होतो. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी थांबायला लागला, तेव्हापासून ढोसतात. सगळ्यांच्या घरात असेच असते असे त्या समजत होत्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "आजी, तुम्ही झोपता कधी?"

"ते सकाळी शेतात गेले का," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नियमाप्रमाणे तपासणी पुन्हा, आप्पासाहेबांच्या नावावर आणि दवाखान्यातच करायची ठरली. ती रविवारी झाली. मनकर्णाबाई सोबत थांबल्या. सोमवारी सकाळी आठ वाजता आकडा आला. अकरा.

आप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचून घेतला. माझे बाकीचे त्रेपन्न कुठे गेले, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी आलेख पाहून मनकर्णाबाईंकडे पाहिले. मनकर्णाबाईंनी कबूल केले की आपण खुर्ची पलंगाला लावून बसलो होतो आणि हात ऐकत नाही. या आकड्यावर ना झोपेत हवा देणारे मास्कचे मशीन ठरवता येते, ना ऑपरेशन. म्हणून बुधवारी तपासणी पुन्हा, आणि मनकर्णाबाईंनी मंगळवार-बुधवार अशा दोन रात्री दवाखान्यापासून आणि नवऱ्यापासून लांब, लेकीच्या घरी राहायचे, असा हुकूम डॉक्टरांनी काढला.

इथे खरी अडचण आली. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे मनकर्णाबाईंनी आयुष्यभर पाळले होते. सुलेखाच्या दोन बाळंतपणांतही त्यांनीच तिला चितेगावला नेले होते. जावयाच्या घरी त्या चहा घेत आणि उन्हे उतरायच्या आत निघत. आता त्यांना पहिल्यांदा, चारचौघांना कळेल असे, एका जावयाकडे राहायचे होते. कोणाकडे, हे त्या सांगेनात.

बद्रीनाथची बाजू पडकी होती. रूपाने शनिवारीच नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणतेही स्पष्टीकरण न देता फक्त तीन हा आकडा टाकला होता, आणि त्याखाली सव्वीस जणांचे हसरे चेहरे आले होते. शहाळी यायची बंद झाली होती. विश्वजीतने त्याला प्रेसवर परत घ्यायला नवे प्रमाणपत्र मागितले होते. सुलेखा त्याच्याशी कामापुरते बोलत होती. पण सोमवारी संध्याकाळी तिने न सांगता बाहेरच्या खोलीतली कॉट खिडकीखाली सरकवली आणि कपाटातली नवी चादर काढली. बद्रीनाथने दोन दिवसांची रजा टाकली. उल्कानगरीत इंद्रजीतने तिसऱ्या खोलीचा पंखा बदलून घेतल्याची बातमी त्याच संध्याकाळी आली.

मंगळवारी सकाळी दहाला बद्रीनाथ मोटारसायकल घेऊन चितेगावला पोचला. दहा मिनिटांनी इंद्रजीतची कार आली. मनकर्णाबाईंची पिशवी भरून ओसरीवर ठेवलेली होती. आपण लुगडे बदलून येतो असे सांगून त्या आत गेल्या. दोघे साडू पिशवीच्या दोन बाजूंना बसले. बाजेवर आप्पासाहेब आडवे झाले होते. ते आदल्या दिवसापासून फाट्यावर कोणालाही अकरा हा आकडा सांगत नव्हते. बुधवारपर्यंत थांबा, एवढेच सांगत होते.

पावणेअकरा वाजता आप्पासाहेबांचा श्वास थांबला. दोन्ही जावई एकदम उठले. बद्रीनाथचे कोपर आधी पोचले. इंद्रजीतचे त्याच्या पाठोपाठ, त्याच बरगडीवर. आप्पासाहेबांनी मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागले. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिले, पिशवी उचलली आणि ओसरीच्या पायऱ्या उतरल्या.

मोटारसायकल आणि कार एकाच लिंबाखाली उभ्या होत्या.